पाचारण आणि हिशोब : १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी घेतलेला एक निर्णय

हे प्रकरण १८९६ च्या अखेरीपासून १८९७ च्या पावसाळ्यापर्यंतच्या थोड्या महिन्यांचे आहे. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता, मुंबईत उद्भवलेला प्लेग पुण्यात शिरला होता, आणि पुण्यात उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी स्वतः मध्य प्रांतात जाऊन तेथील निराधार मुलींना आणण्याचे ठरवले. हा निर्णय म्हणजे देवाच्या पाचारणाला दिलेले उत्तर आहे, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. रमाबाईंच्या चरित्राला चमत्कारकथेचे वळण देण्याची सवय आपल्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांना आहे, आणि त्यांच्या टीकाकारांना त्याच चरित्रात केवळ धर्मप्रसार दिसतो. दोन्ही पक्ष या निर्णयाच्या तपशिलाकडे फारसे वळत नाहीत. पाचारण कोणाला आले, त्या व्यक्तीच्या हाती त्या वेळी काय होते, तिने कोणती जोखीम पत्करली, पहिले उत्तर बंद झाल्यावर तिने काय केले आणि ज्यांच्यासाठी हे सर्व केले त्यांना त्यात काही म्हणणे होते काय, एवढेच प्रश्न येथे घेतले आहेत.

एक सावधगिरी आरंभीच नोंदवली पाहिजे. या घटनांची बरीचशी हकीकत रमाबाईंच्याच लेखणीतून आली आहे. काही लेखन दुष्काळाच्या धामधुमीत झालेले आहे, आणि त्यांनी आपली आध्यात्मिक साक्ष १९०७ मध्ये, म्हणजे प्रसंगानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध केली. मागे वळून पाहताना माणसाला आपल्या आयुष्यातील वळणे प्रत्यक्षात होती त्यापेक्षा अधिक सरळ दिसतात, हे ध्यानात ठेवूनच ती साक्ष वाचली पाहिजे.

आधीचा दुष्काळ

१८९७ चा निर्णय समजण्यासाठी त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीचा दुष्काळ पाहणे अपरिहार्य आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते, त्याबद्दल पंडितांसमोर जाब दिला होता आणि अखेर लोकांच्या बोलण्यापासून दूर, जंगलात बिऱ्हाड थाटले होते. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराण सांगत हिंडू लागले. रमाबाईंचे शिक्षण आईच्या तोंडून, प्रवासात झाले. कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे श्रोत्यांनी स्वेच्छेने ठेवलेली दक्षिणा, आणि त्यातील बराच भाग पुन्हा दानधर्मात जाई.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले तेव्हा या कुटुंबाजवळ शेती नव्हती, नोकरी नव्हती आणि अंगमेहनतीची सवयही नव्हती. रमाबाईंनी ही गोष्ट पुढे लपवून ठेवलेली नाही. आम्ही कष्टाची कामे करण्यास लाजत होतो, भीक मागणेही आम्हांला जमत नव्हते, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. जवळ जे होते ते आधी देवतांची कृपा व्हावी म्हणून अनुष्ठानांत आणि ब्राह्मणांना दक्षिणा देण्यात संपले. मग दागिने, चांगली वस्त्रे आणि भांडी विकून अन्न आणले गेले, आणि शेवटी पाणी व झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील गेले, थोड्या काळाने आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईचे प्रेत स्मशानात नेण्यासाठी चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून तो चौथा खांदा सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्याने तिरडीचा दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला.

या आठवणीत दुःखाइतकाच एक अपेक्षाभंग आहे, आणि प्रस्तुत प्रकरणाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्या कुटुंबाने देवाला हाक मारली होती, विधी सांगितल्याप्रमाणे पार पाडले होते, आणि उत्तर आले नव्हते. अशा अनुभवातून गेलेला माणूस पुढे श्रद्धेपासून कायमचा दुरावला तरी त्यात आश्चर्य वाटू नये, आणि रमाबाई काही वर्षे तशा दुरावल्या होत्याही. भाऊ श्रीनिवासांसह त्या पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि त्याच सुमारास जुन्या श्रद्धेवरचा त्यांचा विश्वास ढळत गेला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या आरंभी पतीचाही पटकीने मृत्यू झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांच्याजवळ एक तान्ही मुलगी, मनोरमा, एवढेच नातेवाईक उरले होते. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी नंतर स्वतःविषयी म्हटले आहे; ही दुसरी गोष्ट त्यांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे आठ वर्षांनी, पुण्यात असताना घडली. म्हणजे १८९७ मध्ये ज्या बाईंना पाचारण आले त्यांनी एकेकाळी उत्तर न मिळालेली प्रार्थना अनुभवली होती, मधला अश्रद्धेचा काळ पाहिला होता आणि मग हळूहळू, वाद घालत घालत, एका निष्ठेपर्यंत वाट काढली होती. दुःखात पाचारण ऐकू येण्यासाठी भोळे मन लागते, हा समज या प्रकरणाला लावता येत नाही.

१८९६ मधील परिस्थिती

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. त्यामागे अमेरिकेत बोस्टन येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे पैसे होते. हे साहाय्य दहा वर्षांसाठी होते आणि शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या बोलीवर होते. पुण्यातील सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

१८९३ मध्ये ही घडी विस्कटली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. या गोष्टीवरून गावात मोठा गहजब झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी होती, की मी कोणाला बोलावत नाही आणि दारही लावून घेणार नाही. ही बाजू प्रामाणिक होती असे मला वाटते. पण ज्या घरात अन्न, वस्त्र आणि माया एकाच व्यक्तीकडून मिळते त्या घरातील उघडे दार हे रस्त्यावरच्या उघड्या दारासारखे नसते, हेही खरे आहे. सल्लागारांच्या राजीनाम्यामागे केवळ सनातनी दडपण होते असे म्हणणे म्हणूनच रानडे-भांडारकरांवर अन्याय करणारे ठरेल.

तर १८९६ च्या सुमारास रमाबाईंची स्थिती अशी होती. शहरातील प्रतिष्ठित सुधारकांचा आधार तुटला होता. अमेरिकेच्या मदतीची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी पुण्यापासून ५०-५५ किलोमीटरवर, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळबागेच्या उत्पन्नावर पुढेमागे सदन चालावे, असा त्यामागचा विचार होता. संख्येच्या दृष्टीने संस्था लहान होती. पुण्याच्या मध्यमवर्गीय संसारात असा माणूस ‘आता आहे ते सांभाळावे’ असा सल्ला ऐकतो, आणि तो सल्ला चुकीचा नसतो.

याच वर्षी लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे एक शिबिर भरले होते. रमाबाई तेथे ख्रिस्ती झालेल्या आपल्या १५ मुलींना घेऊन गेल्या होत्या. तेथे एकांतात प्रार्थना करताना, पुढील शिबिराच्या आत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे १५ च्या २२५ व्हाव्यात, अशी मागणी त्यांनी केली, असे त्यांच्या साक्षीत आहे. अशक्य वाटणारी ही मागणी आपण केली तरी कशी, असे त्यांना त्याच क्षणी वाटले होते, हेही त्यांनी नोंदवले आहे. या संख्येकडे आपल्याला पुढे परत यावे लागेल.

निर्णय आणि त्यातील बारकावे

१८९६ चा पाऊस फसला आणि मध्य प्रांत, बुंदेलखंड यांसह देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. सरकारची दुष्काळ संहिता अस्तित्वात होती. तिच्यानुसार खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे काढली जात, अपंगांसाठी अन्नगृहे उघडली जात. ज्याला घर आहे, नवरा आहे, हातपाय धड आहेत, त्याला ही यंत्रणा काहीतरी देत असे. एकट्या मुलीला आणि तरुण विधवेला ती काय देत असे, हा वेगळा प्रश्न होता. कामाच्या छावण्यांवर मुकादमांच्या हाती सापडणाऱ्या आणि दलालांच्या नजरेत येणाऱ्या मुलींची दशा रमाबाईंनी प्रत्यक्ष पाहिली आणि तीविषयी लिहिले.

येथे निर्णयाचे मूळ सापडते. दुष्काळ तर सर्वांनाच दिसत होता, वर्तमानपत्रे त्याच्या बातम्यांनी भरलेली होती. रमाबाईंना त्यातील एक विशिष्ट मनुष्य दिसला : आईवडील गेलेली, जातीच्या आणि लाजेच्या बंधनात वाढलेली, कुठे हात पसरावा हे न कळणारी मुलगी. ती त्यांना दिसली, कारण ती त्या स्वतः होत्या. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मोशेला जे पाचारण होते त्याची रचनाही अशीच आहे. आपल्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे, असे देव आधी सांगतो आणि मग मोशेला पाठवतो. मोशेला त्या आक्रोशाची ओळख आधीपासून होती आणि तरीही तो एकामागून एक सबबी सांगतो. पाचारण ऐकणाऱ्याला काही नवी माहिती मिळते असे या कथेत नाही. त्याला जे आधीपासून ठाऊक आहे त्याविषयी त्याला विचारणा होते.

पुण्याच्याच परिसरातील दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. १६३० च्या सुमारासच्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. त्यातून ते विठ्ठलाकडे वळले आणि आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा दिली तीही बरी झाली, असे त्यांनी एका अभंगात म्हटले आहे. रमाबाईंनी आपल्या दुष्काळाला कधी बरे म्हटलेले माझ्या वाचनात नाही. तुकोबांच्या बाबतीत दुःखाने प्रपंचाची गाठ सैल केली; रमाबाईंच्या बाबतीत त्याने शेकडो जणींचा प्रपंच गळ्यात घातला. दोघांच्या भक्तीची प्रत ठरवणे हा येथे मुद्दा नाही, परंतु दुःखातील पाचारणाचे एकच एक वळण असते असे मानणाऱ्याने देहू आणि केडगाव ही एकाच जिल्ह्यातील दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत.

रमाबाईंनी दुष्काळ का पडला, देवाने तो का पडू दिला, या प्रश्नावर आपली शक्ती खर्च केली नाही. १८७४ मध्ये त्यांच्या घरात तोच प्रश्न विचारला गेला होता, त्याच्या उत्तरादाखल अनुष्ठाने झाली होती आणि त्यात उरलेसुरले धान्याचे पैसे गेले होते. १८९७ मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न लहान होता : मला किती जणींना आणता येईल? मध्य प्रांतात हिंडून त्यांनी तुकड्यातुकड्यांनी मुली पाठवल्या, आणि त्या मोहिमेत आणलेल्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या ३०० च्या आसपास गेली.

यातील जोखीम नीट मोजली पाहिजे. शारदा सदनासाठी आलेला अमेरिकेचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी आणि तटस्थ शाळेसाठी होता. दुष्काळातील मुली सर्व जातींच्या होत्या, त्यातील अनेकींना शाळेआधी औषधाची गरज होती, आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी त्या देणगीच्या चौकटीत बसत नव्हती. म्हणून रमाबाईंनी हा भार जुन्या खात्यावर टाकला नाही. नव्या कामासाठी त्यांनी निराळा निधी उभा राहू दिला आणि हे काम उघडपणे ख्रिस्ती असेल, असे जाहीर केले. १८९३ च्या वादानंतर हे स्पष्टीकरण अत्यंत आवश्यक होते. देवाच्या नावाने जोखीम घेताना दुसऱ्याच्या अटींवर आलेला पैसा न विचारता वापरण्याचा मोह होतो, आणि धार्मिक संस्थांची पत बहुधा तेथेच जाते. ‘विश्वासाने काम’ म्हणजे हिशोबाविना काम असे समजणाऱ्यांसाठी या प्रकरणातील हा भाग सर्वांत उपयोगी आहे, आणि व्यासपीठांवरून तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

पुण्यातील प्लेग आणि बंद झालेली वाट

मुली पुण्यात आल्या त्या सर्वांत वाईट वेळी. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये उघडकीस आलेला प्लेग पुण्यात पसरू लागला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि लवकरच प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती, विलगीकरण आणि स्थलांतर सुरू झाले. अशा शहरात दाटीवाटीने राहणाऱ्या, उपासमारीने खंगलेल्या, खरूज आणि फोडांनी भरलेल्या शेकडो मुली ठेवू देणे कोणत्याही अधिकाऱ्याला मान्य होणे शक्य नव्हते. नव्याने आलेल्यांना पुण्यात ठेवण्यास रमाबाईंना मनाई झाली.

पाचारणाची कथा सांगणारे येथे सहसा घाईने पुढे जातात, कारण पुढे केडगाव आहे आणि केडगावात यश आहे. थोडे थांबून पाहिले तर हा क्षण किती बिकट होता हे कळते. मुली आणल्या गेल्या होत्या. त्यांना परत पाठवणे म्हणजे मृत्यूच्या दारात पाठवणे होते. शहरात जागा नव्हती. देवाने पाठवले असेल तर मग हे दार का लागले, हा प्रश्न त्या वेळी कोणालाही सुचला असता. रमाबाईंनी सरकारी आज्ञेला देवाविरुद्धचा अडथळा ठरवून झगडा मांडला नाही, आणि ती आज्ञा म्हणजे आपले पाचारण खोटे ठरल्याची खूण असेही मानले नाही. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन त्यांच्या हाती होती. तेथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभारून त्यांनी मुलींना हलवले. त्या माळावर त्या वेळी ना पुरेशी विहीर होती, ना निवारा. उन्हाळ्यात तंबूत शेकडो मुली ठेवणे म्हणजे काय, हे दौंड-केडगाव भागातील एप्रिल-मे ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

दूरदृष्टीने घेतलेली जमीन आणि अकल्पितपणे आलेली गरज यांचा येथे मेळ बसला. भाविक माणूस याला देवाची योजना म्हणेल. मी त्याला हरकत घेणार नाही. पण ती जमीन पैसे संपण्याच्या भीतीपोटी, व्यवहारी विचाराने घेतलेली होती, ही गोष्ट योजनेच्या वर्णनातून गळता कामा नये. अडचण येण्याआधी केलेली दक्षता ही पाचारणाच्या विरुद्ध बाजूची वस्तू नाही.

आज्ञा पाळली म्हणून रमाबाई गप्प बसल्या, असेही झाले नाही. पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या ठिकाणी स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, आपल्या एका मुलीच्या बाबतीत भयंकर प्रकार घडला, असे त्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात जाहीरपणे लिहिले. त्या पत्राचा बोभाटा इंग्लंडपर्यंत गेला, आणि सरकारने आरोप नाकारले. ज्या बाईंना ‘केसरी’ने सरकारी धर्माच्या पदराखाली गेलेली ठरवले होते त्यांनी सरकारवर हा आरोप केला, आणि तोही मिशनरी व अमेरिकन हितचिंतकांच्या मदतीवर काम उभे असताना केला. पाचारणाला उत्तर देणाऱ्याने सेवा करावी आणि अन्यायाबद्दल बोलू नये, अशी एक सोयीची समजूत अजूनही आढळते. रमाबाईंनी ती मानली नाही.

याच महिन्यांत याच शहरात दुःखाला दिलेली इतर उत्तरेही पाहण्यासारखी आहेत. टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतील हक्क समजावून सांगत होते. सारा तहकुबीची मागणी करा, घाबरू नका, असे ते सांगत. सावित्रीबाई फुले दत्तक पुत्र यशवंतरावांच्या हडपसरजवळील दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या सत्यशोधक विचाराच्या. रमाबाईंच्या ख्रिस्ताशी किंवा शारदा सदनातील प्रार्थनेशी त्यांचा संबंध नव्हता. पाचारणाची भाषा न वापरताही कोणी तेच करू शकतो, आणि त्यासाठी प्राणही देऊ शकतो, हे त्याच वर्षीच्या त्याच पुण्यात घडले असताना, रमाबाईंचे कार्य हे केवळ एका धर्माच्या सत्याचा पुरावा म्हणून पुढे करणे मला पटत नाही. रमाबाईंच्या निर्णयाला त्यांच्या श्रद्धेने बळ दिले, एवढे म्हणणे मात्र पूर्णपणे योग्य आहे.

संख्येचा प्रश्न आणि संमतीचा प्रश्न

आता लोणावळ्याच्या २२५ कडे. प्रार्थना १८९६ मध्ये झाली, दुष्काळ त्यानंतर आला, आणि मुली आल्या त्या मागितलेल्या संख्येहूनही अधिक. रमाबाईंना यात उत्तर दिसले, आणि त्यांच्या चाहत्यांनी तर ही गोष्ट मोठ्या आनंदाने सांगितली आहे. या वाचनात एक धोका आहे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे. एका प्रार्थनेची संख्या भरावी म्हणून लाखो लोकांच्या घरातील चूल विझली, असा अर्थ त्यातून निघू शकतो. रमाबाईंच्या मनात असा अर्थ होता असे समजण्याचे कारण नाही. स्वतःच्या आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या बाईला दुष्काळ म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही दुःखात आलेल्या पाचारणाची हकीकत सांगणाऱ्याने दुःख हे पाचारणासाठी घडवून आणले गेले, असे ध्वनित करू नये. दुष्काळ पाऊस न पडल्याने, धान्याच्या भावांमुळे आणि गरिबांच्या हाती पैसा नसल्याने झाला. रमाबाई त्यात नंतर गेल्या.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. रमाबाईंना पाचारण होते. मुलींना भूक होती. ज्या मुलीला अन्न, छप्पर आणि पहिल्यांदाच कोणाचा तरी प्रेमळ हात मिळतो ती त्या हाताचा देव स्वीकारते, तेव्हा त्या स्वीकाराला किती स्वातंत्र्य म्हणावे? केडगावचे काम उघडपणे ख्रिस्ती असल्याने त्यात फसवणूक नव्हती, हे मान्य केले तरी उपाशी माणसाची संमती हा प्रश्न उरतोच. याच्या उलट बाजूला ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की या मुलींपुढे खुला असलेला दुसरा पर्याय हिंदू समाजाचे घर हा नव्हता. तो छावणीतला मुकादम, दलाल किंवा मृत्यू हा होता, आणि ज्या समाजाने नंतर आक्षेप घेतला त्याने त्या महिन्यांत त्यांच्यासाठी दार उघडलेले नव्हते. माझे मत असे, की आक्षेपाचा अधिकार त्यांनाच आहे ज्यांनी निदान एका मुलीला आपल्या घरात घेतले असते. परंतु प्रश्न मात्र सर्वांचा आहे, आणि रमाबाईंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये. त्या मुलींतील बहुतेकींनी स्वतः लिहिलेले काही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. त्यांच्या वतीने आज जे कोणी ठामपणे बोलते, मग ते कृतज्ञतेचे असो वा तक्रारीचे, त्याने आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

सुटकेनंतरचे दैनंदिन काम मुळीच भावुक नव्हते. उपासमारीतून आलेल्या मुली अन्न लपवून ठेवत, पुरेसे मिळाले तरी अधिकासाठी भांडत, पळून जात, एकमेकींना मारत. काही जणी आणल्यावरही वाचल्या नाहीत. त्यांना आंघोळ, औषध, शिस्त, अक्षरओळख आणि हाताला काम या क्रमाने माणसात आणावे लागले. शारदा सदनात शिकलेल्या मुलींनी या नव्या मुलींच्या शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या म्हणून काम केले. ज्या संस्थेला १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेऊन जवळजवळ रिकामे केले होते, त्याच संस्थेत उरलेल्या मुलींमुळे १८९७ मध्ये हे काम शक्य झाले. एकट्या रमाबाईंच्या पाचारणावर ते उभे राहिले नसते.

पुढील वर्षे

१८९८ मध्ये जुन्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि मदतीची व्यवस्था नव्या रूपात पुन्हा उभी राहिली. केडगावच्या माळावर पक्क्या इमारती झाल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि त्या वस्तीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. पुढे तेथे विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग निघाले. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन चालू झाले.

१८९९-१९०० मध्ये गुजरात आणि राजपुतान्यात संवत १९५६ चा, म्हणून ‘छप्पनिया’ म्हटला जाणारा दुष्काळ पडला, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी रमाबाई सर्वत्र स्वतः गेल्या नाहीत. त्यांनी माणसे पाठवली. केडगावातील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. तीन वर्षांपूर्वी जेथे तंबू होते तेथे आता पाणी, निवारा, स्वयंपाकघर आणि काम वाटून देण्याची पद्धत होती, आणि नव्याने आलेल्या मुलींना आंघोळ घालण्यासाठी, भरवण्यासाठी आणि रात्री त्यांच्याजवळ झोपण्यासाठी आधी सुटून आलेल्या मोठ्या मुली होत्या. १८९७ मध्ये एका बाईने आपल्या आठवणीच्या जोरावर जे ठरवले होते, ते आता कामाच्या वाटणीत आणि रोजच्या वेळापत्रकात बसले होते.